वीस खणांचा घोडा

रतिलालभाईंच्या घरात घोडा आला तो पोटाकडून. पाय, मान, शेपूट ही मंडळी मागाहून आली. आधी आलं ते नुसतं पोट, तेही दोन वर्षांपूर्वी, बैलगाडीतून, आणि ते घोड्याचं पोट आहे याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

झालं होतं असं, की गावच्या वाचनालयात कॉम्प्युटर आला आणि पुस्तकांच्या कार्डांचं कपाट अडगळ ठरलं. सागवानी कपाट, वीस खण, प्रत्येक खणाला पितळी कडी. आतलं प्रत्येक कार्ड रतिलालभाईंच्या हातचं. एकतीस वर्षं ते तिथे ग्रंथपाल होते आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितलं असेल तर ते उशीर झालेलं पुस्तक, आणि तेही दोनदा घसा खाकरून. पण कपाट भंगारात निघालं म्हटल्यावर निवृत्त रतिलालभाई अध्यक्षांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी घरून पाठ करून नेलं होतं. ऐन वेळी पहिलंच वाक्य आठवेना, तेव्हा त्यांनी नुसतं "कपाट" एवढंच म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, "लई जा." इतक्या थोडक्यात काम झाल्याचं रतिलालभाईंना पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं. पाठ केलेला मजकूर चांगला होता.

तर ते कपाट त्यांच्या वाचनाच्या खोलीत येऊन बसलं, आणि गेल्या दिवाळीत त्याच्यासमोर मयूरी येऊन बसली.

मयूरी ही त्यांची नात. शहरातल्या कला महाविद्यालयात शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या वर्गाला यंदा असं सांगितलेलं, की प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी जागा शोधून काम करायचं, एक शिल्प आणि त्याच्या जोडीला कॉम्प्युटरवर केलेली चित्रं. विषय अतिवास्तववाद. मग मॅडम येऊन प्रत्येकाच्या स्टुडिओतली प्रगती बघणार आणि प्रगतिवहीत शेरा देणार. मयूरीने आजोबांची खोली मागितली. रतिलालभाईंनी आरामखुर्ची ओसरीवर नेली आणि खोलीच्या दारावर तिने खडूने 'स्टुडिओ' असं लिहिलं.

दोन दिवस ती नुसती कपाटाकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आबा, ह्याले चार पाय पाहिजेत."

रतिलालभाईंनी आयुष्यभर कपाटांकडे पाहिलं होतं. त्यांच्या मनात कधी असं आलं नव्हतं.

त्या दिवशी जेवताना विषय निघाला. भूपेश, म्हणजे रतिलालभाईंचा मुलगा आणि मयूरीचा बाप, केळीच्या बागेतून दमून आला होता. दमलेल्या माणसाला अतिवास्तववाद समजावून सांगणं तसं कठीणच. पण रतिलालभाईंनी विश्वकोशातली नोंद तीनदा वाचली होती. घरात सगळे अहिराणी बोलत आणि रतिलालभाई एकटे पुस्तकातलं मराठी. इतकी वर्षं पुस्तकांत काढल्यावर त्यांची जीभ तिकडेच राहून गेली होती.

"स्वप्नात जसं दिसतं, तसं जागेपणी करून दाखवायचं," ते म्हणाले.

"सपनं आम्ही बी देखतस," भूपेश म्हणाला. "त्यानी कोणी परीक्षा लेत नही."

"तुम्ही काय देखतस, पप्पा?" मयूरीने विचारलं.

"मी? केळी. दुसरं काय देखसू." भूपेशने घास घेतला, पण तो चावता चावता थांबला. "मांगला हप्तामा देखं. सगळी बाग आभाळमाईन उलटी लोंबी ऱ्हायनी व्हती. घड हाताले लागी ऱ्हायनात. एक बी झाडले टेका लागना नही." मग आपण फार बोललो असं वाटून तो आईला म्हणाला, "माय, वरण दे."

सरलाबाईंनी वरण वाढलं. वरणाबरोबर भूपेशचा निर्णयही आला. मयूरीला हे वर्ष झाल्यावर आणखी दोन वर्षं शिकायचं होतं. मॅडमने हे काम पसंत केलं तर शिकू दे. नाहीतर घोडाबिडा बंद, बी.एड.चा फॉर्म भरायचा आणि शाळेत लागायचं.

"पसंत करतील," कुणीतरी म्हणालं. "मी जबाबदार."

कोण बोललं म्हणून सगळ्यांनी पाहिलं. रतिलालभाईंनीही पाहिलं. मग ते आपणच बोललो हे त्यांच्या लक्षात आलं.

जबाबदारी हा शब्द त्यांनी पूर्वी फक्त 'पुस्तक हरवल्यास वाचक जबाबदार' एवढ्याच अर्थाने वापरला होता. त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. मुळात मुलीला या नादाला लावलं कुणी? तिला आठव्या वर्षी चित्रांचं पुस्तक आणून दिलं कुणी? शेजारच्या मुली गणित करत तेव्हा हिला वाचनालयाच्या फरशीवर लोळत चित्रं पाहू दिली कुणी? उत्तर प्रत्येक वेळी एकच येई, आणि ते आरामखुर्चीत बसलेलं असे.

काम मात्र झपाट्याने पुढे सरकलं. कपाट आडवं करून उचललं, त्याला बांबूचे पाय लागले, बांबूचीच मान आली. सरलाबाईंनी जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा करून दिला, मेथीदाणा घालून, पूर्वी टोपल्या लिंपायला करत तसा. चार दिवस घरभर मेथीच्या लाडवांचा वास सुटला होता आणि लाडू मात्र नव्हते. आयाळ आणि शेपटी केळीच्या खोडाच्या धाग्यांची. दात कॅरमच्या पांढऱ्या सोंगट्यांचे. गावातून मागून आणलेले तडे गेलेले फोन मयूरीने खणांमध्ये बसवले, त्यांच्या तारा पोटातून नेल्या, आणि खण ओढला की आत एक हलतं चित्र दिसू लागलं. शेजारच्या तुळशीबाईंनी मुलाचा जुना फोन दिला तो या अटीवर, की त्यांची शेळी चित्रात आली पाहिजे. त्यामुळे तिसऱ्या खणात तापीच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडत आणि पाण्याऐवजी शेळ्याच शेळ्या खाली सांडत. सगळ्या तुळशीबाईंच्याच. तुळशीबाई रोज येऊन बघून जात. एका शेळीच्या हजार कशा झाल्या, याचं त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. झाल्या हे बरं झालं, एवढंच त्यांचं म्हणणं.

पाचवा खण मयूरीने कुणाला उघडू दिला नाही. "हाऊ पप्पासना शे," ती म्हणाली.

प्रश्न आला तो कातडीचा. मयूरी दोन दिवस आजोबांभोवती घुटमळली आणि मग हळूच म्हणाली, "आबा, ती कार्डं..."

रतिलालभाईंनी विचार करायला एक दिवस मागितला. एकतीस वर्षांचं अक्षर होतं ते. सुरुवातीचं टपोरं, मधलं घाईचं, शेवटचं थोडं थरथरतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी होकार दिला, पण एक अट घातली: शब्दकोशांची कार्डं शेपटीखाली जाता कामा नयेत. मयूरीने ती पाळली. शेतीची पुस्तकं पोटावर गेली, संतवाङ्मय कपाळावर, प्रवासवर्णनं पायांवर. भाषणकलेची तीन पुस्तकं वाचनालयात होती, त्यांची कार्डं डाव्या कानात बसली. गालफडाची गोलाई यावी म्हणून डाव्या डोळ्याखाली तिने कार्डांच्या पट्ट्या फाडून गोल गोल फिरवत चिकटवल्या. त्या पट्ट्या ध्यानात ठेवाव्यात. पुढे सगळं त्यांच्यामुळेच झालं.

आता रतिलालभाईंच्या गावी, सारंगखेड्यात, दत्तजयंतीला घोड्यांची यात्रा भरते, आणि त्या आधीच्या महिन्यात तिथल्या घरात घोडा आहे असं म्हटलं, की त्याचा एकच अर्थ निघतो. सरलाबाई पाण्याच्या टाकीवर एवढंच म्हणाल्या, की घरात घोडा असल्यामुळे झाडायला जागा राहिली नाही. दुपारपर्यंत गावाला कळलं, की रतिलालभाईंनी घोडा घेतला.

गावाला धक्का बसला. ज्या माणसाने उभ्या जन्मात सायकलसुद्धा हातात धरून चालवली, त्याने घोडा घ्यावा? ओसरीवर सल्ले येऊ लागले. कुणी म्हणालं, हरभरा भिजवून द्या. कुणी म्हणालं, पुस्तकं वर ठेवा, घोडा कागद खातो. एका शहाण्या गृहस्थाने तर, या वयात रपेट करायची असेल तर आधी कमरेला पट्टा बांधा, असं अगदी कळवळून सांगितलं. रतिलालभाई प्रत्येकाला घोडा कागदाचा आहे हे सांगायला तोंड उघडत, पण तोवर समोरचा दुसऱ्या मुद्द्यावर गेलेला असे. शेवटी त्यांनी हरभरा भिजवण्याचं कबूल केलं.

यात्रेच्या आठवड्यात जनावरांच्या लसीकरणाची यादी घेऊन एक कर्मचारी आला. पन्नाशीचा, सभ्य, उन्हाने दमलेला. त्याच्या यादीत या घरापुढे 'घोडा : १' असं लिहिलेलं होतं. कुणी लिहिलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. रतिलालभाईंनी त्याला खोलीत नेऊन घोडा दाखवला. त्याने घोड्याभोवती एक फेरी मारली, पाणी मागितलं आणि खाली बसला.

"ह्याला लस टोचता येणार नाही," तो म्हणाला.

"नाही," रतिलालभाई म्हणाले. "तेव्हा यादीतून नाव काढा."

"नाव काढायला कारण लागतं, काका. तीनच रकाने आहेत. मेला, विकला, बाहेरगावी गेला."

"तो जन्मलाच नाही."

"त्याचा रकाना नाही."

दोघंही प्रामाणिक असल्यामुळे अर्धा तास गेला. शेवटी रतिलालभाईंनी 'बाहेरगावी' या रकान्यापुढे सही केली. आयुष्यात कागदावर केलेलं त्यांचं हे पहिलं खोटं. सही करताना घोडा त्यांच्या खांद्यावरून बघत होता.

इतकं झालं ते सोसण्यासारखं होतं. पण यात्रेच्या आदल्या दिवशी जालमसिंग आले.

जालमसिंगांची तिसरी पिढी घोड्यात. पंचक्रोशीत कुणी त्यांना दाखवल्याशिवाय घोडा घेत नसे. त्यांनी उंबऱ्यात जोडे काढले, खोलीत आले आणि हसले नाहीत. रतिलालभाईंना त्याचंच फार बरं वाटलं. जालमसिंगांनी घोडा डावीकडून बघायला घेतला. पाठीवर थाप मारली, गुडघा चाचपला, ओठ वर करून सोंगट्या पाहिल्या.

"सहा वरीसना शे," ते म्हणाले.

"तो कागदाचा आहे, जालमसिंग."

"ते मी देखं. मान चांगली शे. छाती भरेल शे. पोटले दारं शेतस, ते एक नवीन." मग ते डाव्या डोळ्यापाशी थांबले. बराच वेळ थांबले. "रतिलालभाई, हाई भोवरी कोनी करी?"

"कसली भोवरी?"

"डोयाखाले. देखा. हाई आसूढाळ शे." त्यांनी बोट लावलं नाही, लांबूनच दाखवलं. फाडलेल्या पट्ट्या गोल गोल फिरून डोळ्याखाली खरंच, घोड्याच्या केसांचा असतो तसा, भोवरा झाला होता. "आसू पडानी वाट. जेना घर असा घोडा, त्याना घरमा रडं. मी तर असा घोडा फुकट बी बांधत नही."

"पण कागदाच्या घोड्याला..."

"भोवरी केसनी ऱ्हाओ का कागदनी ऱ्हाओ. भोवरी ती भोवरी." त्यांनी घोड्याच्या गळ्याखालून हात फिरवला. "गळाले देवमण ऱ्हाता तर बाकी समदं माफ व्हतं. देवमणनी भोवरी म्हंजे राजा. पण नही शे."

चहा पिऊन ते गेले.

रतिलालभाईंचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. अंधश्रद्धा निर्मूलनावरची अकरा पुस्तकं त्यांनी वाचली होती आणि गावातल्या निदान चाळीस जणांना वाचायला लावली होती. त्या पुस्तकांची कार्डं त्याच घोड्याच्या उजव्या मांडीवर होती. प्रश्न विश्वासाचा नव्हता. प्रश्न असा होता, की उद्या मॅडम येणार, उद्या मयूरीचं पुढचं सगळं ठरणार, आणि या घरात रडायचंच झालं तर ते कोण रडणार हे स्पष्ट होतं. शिवाय विश्वास नसणाऱ्यालाही भोवरी लागू पडते की नाही, हे जालमसिंगांना विचारायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मयूरी मॅडमना आणायला दोंडाईच्याला गेली. दोघी चारच्या सुमाराला घरी पोचणार होत्या. भूपेश बागेत. सरलाबाई दत्ताच्या दर्शनाला. घरात रतिलालभाई आणि घोडा.

दीड वाजता त्यांनी वाटीभर पाणी आणि स्वच्छ रुमाल घेतला. बेत साधा होता. पट्ट्या ओल्या करायच्या, अलगद सोडवायच्या आणि सरळ रेषेत परत चिकटवायच्या. फाटलेली पानं चिकटवण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. मयूरी पट्ट्या सोडवताना बोटाने दोन थेंब पाणी लावते हे त्यांनी पाहिलं होतं. पण दोन थेंबांनी पट्टी सुटेना. त्यांनी चार लावले. मग रुमाल भिजवून ठेवला. मग वाटी.

त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट ही, की थंडीमुळे आतला लगदा अजून पुरता वाळलाच नव्हता. आधी गाल बसला. मग जबडा थोडा पुढे आला, एखाद्याला काही आठवावं तसा. मग मानेतला बांबू आपल्या जागेवरून कुरकुरत सरकला आणि घोड्याने अख्खं डोकं रतिलालभाईंच्या खांद्यावर टाकलं.

रतिलालभाईंनी ते धरलं. दोन्ही हातांनी, मिठी मारून. सोडलं तर डोकं जमिनीवर पडून लगदा होणार. धरलं तर दुसरं काहीच करता येणार नाही. त्यांनी धरून ठेवलं.

हाक मारली असती तर रस्त्यावरून कुणीही धावत आलं असतं. पण काय म्हणून हाक मारायची? "धावा" म्हणावं तर ते नाटकातलं वाटतं. "जरा येता का" म्हणावं तर ऐकू जाणार नाही. योग्य वाक्य जुळवण्यात पहिली वीस मिनिटं गेली. त्यांचा उजवा डोळा घोड्याच्या डाव्या कानात होता आणि त्या कानात भाषणकलेवरच्या पुस्तकांची कार्डं होती. ती तिन्ही पुस्तकं त्यांनी वाचलेली होती.

घोड्याच्या भिजलेल्या डोळ्यातून पाणी ओघळत त्यांच्या सदऱ्यात उतरू लागलं.

अडीचला खिडकीत तुळशीबाई दिसल्या, शेळीसकट.

"काय करी ऱ्हायनात, भाऊ?"

"काही नाही," रतिलालभाई म्हणाले. "सहज."

तुळशीबाईंनी नीट पाहिलं. "घोडा रडी ऱ्हायना."

"ते पाणी आहे."

"रडनं म्हंजे पानीच ऱ्हास." त्यांनी शेळीला मागे ओढलं. "कोनले बलावू का?"

बोलावा, असं म्हणायचं होतं. पण असल्या अवस्थेत कुणी येऊन आपल्याला बघावं, ही कल्पना आली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नको, नको. कुणाला सांगू नका."

तुळशीबाईंनी शब्द पाळला, म्हणजे मुद्दाम कुणाकडे गेल्या नाहीत. वाटेत जे भेटले त्यांनाच सांगितलं. ही बातमी बागेत भूपेशपर्यंत पोचली तेव्हा ती अशी होती, की तुझा बाप घोड्याच्या गळ्यात पडून रडतो आहे आणि कुणाला सोडवू देत नाही.

भूपेश धावत आला. पायाला चिखल, हातात कोयता. दारात थांबून त्याने पाहिलं. बापाच्या खांद्यावर घोड्याचं डोकं, सदरा ओला, चष्मा घोड्याच्या कानात अडकलेला.

"सोडू नका, आबा," तो म्हणाला आणि गेला.

परत आला तो दोन लांब बांबू घेऊन. केळीचा घड भरला की झाड वाकतं, तेव्हा त्याला टेका म्हणून लावतात ते. दोन्ही बांबू वरच्या टोकाशी कैचीसारखे बांधून त्याने ते घोड्याच्या जबड्याखाली सारले, फरशीवर पाय पसरवून बसवले आणि केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, ओली दोरी गळ्याभोवती फिरवायला घेतली. एक वेढा, दोन वेढे, तीन. घडाला बांधतो तसंच, हाताच्या सवयीनं. शेवटची गाठ ओढताना जोर लावायला त्याने दुसऱ्या हाताने जी कडी सापडली ती धरली. ती पाचव्या खणाची होती. खण उघडला.

आत फोन लागलेला होता. आकाशातून केळीची बाग उलटी लोंबत होती. मुळं ढगांत, पानं खाली सळसळत, घड हाताशी. आणि खाली एका खाटेवर, हात डोक्याखाली घेऊन, एक माणूस निवांत झोपलेला.

रतिलालभाईंचे हात मोकळे झाले होते, पण ते तसेच पुढे राहिले.

भूपेश वाकून बघत होता.

"पाच बाय पाचनी लागवड शे," तो शेवटी म्हणाला. "ओळ बरोबर लेल शे. खाट बी आपलीच." मग त्याची नजर घोड्याच्या पायांवर गेली. "हाई बांबू बी मन्हाच शेतस का?"

"हो," रतिलालभाई म्हणाले. "तिने न विचारता घेतले. मी पाहिलं होतं. मी जबाबदार."

"इचारती तर नवा दिन्हा असता," भूपेश म्हणाला. त्याने खण मात्र बंद केला नाही.

मयूरी आणि रोहिणी मॅडम आल्या तेव्हा सव्वाचार झाले होते. मॅडम चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, खांद्याला मोठी पिशवी. मयूरीने दारातून घोडा पाहिला आणि तिथेच उभी राहिली. सकाळी निघताना ताठ उभं असलेलं डोकं खाली झुकलेलं, गाल बसलेला, डोळ्याखाली नुसता उघडा ओला लगदा. तिचे डोळे भरून आले.

रतिलालभाईंना वाटलं, झालं. भोवरी गेली, पण जाता जाता आपलं काम करून गेली, आणि त्यासाठी तिने हात वापरले ते आपले.

"मॅडम," ते म्हणाले. काय बोलायचं ते या वेळी त्यांनी पाठ केलेलं नव्हतं. "हिची चूक नाही. डोक्याची चूक माझी आहे. काल ते उभं होतं. मी पाणी लावलं. कारण सांगण्यासारखं नाही, पण विचारलंत तर सांगेन."

मॅडमनी विचारलं नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि घोड्याभोवती फिरू लागल्या, डावीकडून, जालमसिंगांसारख्याच. कार्डं वाचली. खण उघडले. शेळ्यांच्या खणापाशी त्या दोन मिनिटं थांबल्या. पाचव्या खणात वाकून पाहिलं, मग सरळ होऊन गळ्याखालच्या बांबूंकडे पाहिलं.

"हा टेका मयूरीने लावला?"

"मी लावला," भूपेश म्हणाला. मॅडमसमोर त्याने जपून शाळेतलं मराठी काढलं होतं. "मी तिचा वडील."

"असाच का लावलात?"

भूपेशला वाटलं, टेका चुकला. म्हणून त्याने समजावून सांगायला घेतलं. वजन कुठे पडतं, बांबूचे पाय वाऱ्याच्या उलट बाजूला का ठेवायचे, दोरी घट्ट आवळली तर दांडा कापला जातो म्हणून तिला बोटभर ढील कशी द्यायची. सांगता सांगता शाळेतलं मराठी संपलं आणि तो आपल्या बोलीवर आला. घरात पाच वर्षांत तो इतका बोलला नव्हता. शेवटी त्याने उघड्या खणाकडे बोट केलं. "तठे टेका लागत नही. सपन शे. पन दिवसमा लागस."

मॅडमनी प्रगतिवही काढली. उभ्या उभ्याच लिहिलं. मग त्यांनी वही मयूरीच्या हातात दिली आणि ती भूपेशने तिच्या हातातून घेतली.

शेरा असा होता : 'डोकं पुन्हा उभं करावं. टेका काढू नये. पुढील शिक्षणासाठी शिफारस करते.'

भूपेशने तो दोनदा वाचला. "म्हंजे पास?"

"पास," मॅडम म्हणाल्या.

भूपेशने वही परत दिली. "तसा बी फॉर्म मी आनेल नव्हताच," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. मयूरी त्याच्यामागून पाणी द्यायला गेली. दोघं मोरीपाशी बराच वेळ होते. तांब्याभर पाण्याला इतका वेळ लागत नाही.

संध्याकाळी जालमसिंग यात्रेतून चार माणसं घेऊन आले. त्यांनी घोड्याचा डोळा पाहिला. मग गळा पाहिला, जिथे सोपटाची दोरी तीन वेढे घेऊन गाठीशी येऊन थांबली होती.

"देखा," ते बरोबरच्या माणसांना म्हणाले. "देवमण. मी काल सांगेल व्हतं का नही, याले देवमण पाहिजे म्हनीसन."

सगळे गेल्यावर रतिलालभाईंनी टेबलाच्या खणातून एक कोरं कार्ड काढलं. तसली शेवटची सात-आठच उरली होती. शाईचं पेन भरलं आणि जुन्या सवयीनं वरून खाली लिहीत गेले.

'कर्ता : मयूरी. टेका : भूपेश. लगदा : सरलाबाई. विषय : घोडा. हेही पाहा : केळी, शेळ्या, स्वप्न.'

मयूरीने खांद्यावरून वाचलं. "आबा, तुमनं नाव?"

"अक्षर माझंच आहे की," ते म्हणाले.

तिने घोड्याच्या डोळ्याखालच्या उघड्या जागेवर बोट ठेवलं. "अठे लावा. तुम्हीच लावा."

भोवऱ्या वगैरे रतिलालभाईंना मान्य नव्हत्याच. तरी त्यांनी आधी मोजपट्टी मागून घेतली, दोनदा मोजलं, आणि पाण्याचा एकही थेंब न लावता ते कार्ड अगदी सरळ चिकटवलं.